नमुने नाहीत, म्हणून काम नाही

प्रश्न : मराठीत एम.ए. केलंय. वेबसाइटसाठी जाहिरातीचा मजकूर लिहायचाय; पण सगळे आधी नमुने मागतात. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नमुने स्वतःच तयार करा. ओळखीतला मसाल्याचा घरगुती उद्योग, एखादा क्लास, एखादा दवाखाना निवडा आणि प्रत्येकासाठी मुखपृष्ठ व एका वस्तूचं किंवा सेवेचं पान लिहा. वर ‘सरावासाठी’ असं स्पष्ट लिहा. पानाचं शीर्षक साधारण ६० अक्षरांत आणि सर्चमध्ये शीर्षकाखाली दिसणारं वर्णन १५०च्या आसपास ठेवा. लांबलं की गूगल शेपूट छाटतं. ‘उत्कृष्ट दर्जा’ लिहू नका. मिरची कुठली, कांडलेली की दळलेली, ते लिहा.

दर शब्दावर नको, पानावर ठरवा. वेबचा चांगला मजकूर आखूड असतो. शब्दांवर पैसे घेतले, तर जितकं छाटाल तितकं तुमचंच नुकसान. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. खरी भांडणं ‘जरासा बदल करा’ यावरून होतात, म्हणून दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या आणि तिसरीचे वेगळे पैसे, हे ईमेलवर आधीच कळवा. फुकट ‘चाचणी लेख’ मागणाऱ्याला तयार नमुने दाखवा, नवं लिहून देऊ नका.

कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला, तर आयकर विवरणपत्र भरताना त्याची नोंद तपासा.