फिनॉल (एक विषारी सेंद्रिय रसायन) असलेलं कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू वारंवार का मरतात?

बहुतेकदा फिनॉल एकदम वाढल्यामुळे. स्युडोमोनाससारख्या जिवाणूंचं ते अन्न आहे, पण मर्यादेपलीकडे तेच विष ठरतं. म्हणून पाणी आधी इक्वलायझेशन टाकीत (जिथे कमी-जास्त तीव्रतेचं पाणी एकसारखं होतं) मिसळून घ्या. चालू सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला सक्रिय गाळ (जिवंत जिवाणूंचा गाळ) आणा, लिटरला साधारण 50 मिलिग्रॅम फिनॉलपासून सुरुवात करा आणि बाहेरच्या पाण्यातलं फिनॉल जवळपास संपल्यावरच मात्रा वाढवा. यात काही आठवडे जातात. तयार जिवाणूंची पावडर टाकून हा टप्पा टळत नाही.

सामू (पीएच) 6.5 ते 8 ठेवा, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 2 मिलिग्रॅम. अशा पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस बहुधा अपुरे असतात. युरिया, डीएपी घालून बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन):नायट्रोजन:फॉस्फरस हे प्रमाण 100:5:1 राखा. तांबं, जस्त जिवाणूंना घातक; ते पाण्यात असल्यास आधी चुन्याने साका (तळाशी बसणारा गाळ) करून काढा, मग चुन्याने वाढलेला सामू पुन्हा खाली आणा.