बिनराजाची नाणी

प्रश्न: मुलगी जर्मनीत असते. गेल्या दिवाळीला येताना तिने माझ्यासाठी दोन तांब्याची बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची) नाणी आणली. पहिल्याच्या पाकिटावर 'सम्राट बेसिल दुसरा, 976-1025' असं लिहिलंय (29 मिमी, साडेबारा ग्रॅम). दुसऱ्याच्या पाकिटावर नुसतंच 'बायझंटाइन'. पहिल्यावर दाढीवाला चेहरा पुसट दिसतो, तोच बेसिल का? दुसऱ्यावर क्रॉसच्या आसपास अक्षरं आहेत, पण त्यांच्या खालून आणखी तिरकी अक्षरं डोकावतात. नाणं खोटं तर नाही ना? आणि चिंच-मीठ लावून घासू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नका घासू! बँकेत नोकरीला लागलो त्या वर्षी आजीच्या डब्यात सापडलेली एक शिवराई मी चिंचेने लख्ख केली होती. 'श्री राजा शिव'मधलं 'शिव' तेवढं उरलं, बाकीचं चिंचेबरोबर वाहून गेलं. ती अजून माझ्या खणात आहे, कुणाला दाखवत नाही.

आता तो दाढीवाला. तो बेसिल नव्हे, ख्रिस्त आहे. डोक्यामागच्या वलयात क्रॉसचे दांडे दिसतात का पाहा, आणि छातीशी धरलेला चौकोनी ग्रंथही. या नाण्यांवर राजाचं नावच नसतं, म्हणून त्यांना निनावी फोलिस म्हणतात (फोलिस म्हणजे बायझंटाइन तांब्याचं नाणं). सम्राट जॉन जिमिस्केसने (969-976) ही पद्धत पाडली. अकराव्या शतकातला इतिहासकार स्कायलिट्झेस लिहितो, की त्याने नाण्यावर तारणहाराची प्रतिमा आणि दुसऱ्या बाजूला रोमन अक्षरांत 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा' असं घालायला लावलं. 1092 मध्ये सम्राट अलेक्सिओस पहिल्याने चलन सुधारलं, तोवर हे चाललं.

मागच्या बाजूला याच मजकुराच्या चार ओळी असतात: 'इहसूस / ख्रिस्तूस / बासिलेउ / बासिले'. लिपी बरीचशी रोमन, शब्द ग्रीक. ओळी झिजल्या असतील तर एक युक्ती. चेहरा सरळ धरा आणि नाणं पुस्तकाच्या पानासारखं न उलटता वरून खाली उलटा. बायझंटाइन टाकसाळीत दोन्ही ठसे बहुधा असे बसवत, की मागची बाजू तेव्हा सरळ येते. मग खोली काळोखी करून मोबाइलचा टॉर्च टेबलालगत आडवा धरा. उजेड वरून पडला की झिजलेलं नाणं सपाट दिसतं. आडवा पडला की उथळ रेघेचीही सावली पडते. फोटो काढून काळा-पांढरा करा. 'बासिले'मधली दोन अक्षरं सापडली तरी ओळीचा अंदाज येतो.

बेसिलचं नाव मग आलं कुठून? अभ्यासकांनी या निनावी नाण्यांचे ए, बी, सी असे वर्ग पाडलेत, आणि ए-2 हा वर्ग बेसिल दुसरा आणि त्याचा भाऊ कॉन्स्टंटाइन आठवा यांच्या काळाचा मानतात. त्याआधीचं, जिमिस्केसचं ए-1 सहसा लहान आणि हलकं असतं. तुमचं वजन-माप पाहता ए-2 पटतं. त्यातही वलयावरचे ठिपके, ग्रंथाच्या कव्हरवरची नक्षी, मजकुराच्या वरखालची खूण यांवरून कित्येक उपप्रकार आहेत. झिजलेल्या नाण्यावर त्यांच्या नादाला लागू नका. पाकिटावर 'निनावी फोलिस, वर्ग ए-2, बेसिल दुसऱ्याच्या काळातलं असावं' असं लिहा. 'असावं' खोडू नका. विक्रेत्याला राजाचं नाव लावलं की गिऱ्हाईक मिळतं, तेवढंच.

दुसरं नाणं खोटं नाही, आणि खरं सांगतो, मला तेच जास्त आवडलं. नवा तांब्याचा तुकडा कापण्याऐवजी टाकसाळीने जुन्याच नाण्यावर नवा ठसा मारला. जुना पूर्ण दबला नाही म्हणून खालून डोकावतो. क्रॉसच्या चार कोपऱ्यांत वर 'आयसी', 'एक्ससी' आणि खाली 'नी', 'का' असं असेल ('येशू ख्रिस्त विजयी'), तर हा वर्ग सी, मायकेल चौथ्याच्या काळचा (1034-41) मानला जातो. दबलेल्या जुन्या ठशात चार ओळींचे तुकडे असतील तर आधीचं नाणं ए वर्गाचं. पायऱ्यांवर उभा क्रॉस डोकावत असेल तर बी वर्गाचं. वरचा ठसा नंतरचा आणि खालचा आधीचा, हे सरळ आहे ना? नावंच नसलेल्या या नाण्यांचा क्रम लावताना अभ्यासकांना अशाच चुरगळलेल्या तुकड्यांचा मोठा आधार झाला. तुम्ही ज्याला खोटं समजलात तो पुरावा आहे.

दुसऱ्याच्या ख्रिस्ताच्या बाजूचा फोटो पाठवा, टॉर्च डावीकडून धरून. सी वर्गात तो जवळजवळ गुडघ्यापर्यंत दिसतो, नुसता छातीपर्यंत नव्हे. वजनही कळवा, सोनाराकडे करून घेतलंत तरी चालेल.