उडताना राखी बगळा आणि जांभळा बगळा वेगळे कसे ओळखायचे?

उजनीच्या पाण्यावर सकाळी उडणारे मोठे बगळे दुर्बिणीतून सगळे काळेच दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. माझेही दोन-तीन हिवाळे असेच गेले. मोठा दिसला की ‘राखी’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं! शेवटी भिगवणजवळ एका नावाड्याने टोकलं, “साहेब, रंग काय बघताय? पाय बघा.”

तेव्हापासून मी आधी पायच बघतो. जांभळा बगळा पाणकणसात, म्हणजे पाण्यातल्या उंच दाट गवतात वावरणारा, त्यामुळे त्याची बोटं चांगलीच लांब. उडताना शेपटीमागे पंजांचा विस्कटलेला जुडगा दिसतो, मागचं बोट बऱ्याचदा वर उचललेलं. राखीचे पंजे त्या मानाने आटोपशीर.

मग मान. उडताना दोघंही मान दुमडून घेतात (ताणलेली असेल तर तो बहुधा करकोचा किंवा शराटी). राखीच्या मानेचा फुगवटा गोलसर असतो. जांभळ्याची मान सापासारखी बारीक, त्यामुळे दुमडल्यावर तिचा कोन छातीखाली लोंबतो, होडीच्या तळासारखा. उन्हाविरुद्ध नुसती काळी आकृती दिसत असली तरी एवढं कळतं.

ऊन पाठीशी असेल तर काम सोपं. राखीचा पंख वरून सरळ दुरंगी: पुढे राखाडी, मागे काळा. जांभळ्यात हा फरक पुसट असतो, पण पंखाखाली पुढच्या कडेला तांबूस झाक दिसते. राखी समोरून येत असेल तर पंखांच्या पुढच्या कडेवर दोन पांढरे ठिपके चमकतात, येणाऱ्या एसटीचे दिवे जसे. नावावर मात्र जाऊ नका. जांभळ्याची पिल्लं मातकट-तांबूस असतात, जांभळी अजिबात नाहीत.

आकाराचं म्हणाल, तर राखीचा पंखविस्तार साधारण 155 ते 195 सेंमी, जांभळ्याचा 120 ते 150. पण एकटाच पक्षी उडत असेल तर या आकड्यांचा काय उपयोग? राखी संथ, जड पंख मारतो आणि जांभळा जरा भरभर, असंही सांगतात. वारा सुटला की माझा त्यावर भरवसा उरत नाही.

आणि संध्याकाळी लांबून गेलेल्या पक्ष्यासमोर मी अजूनही वहीत ‘मोठा बगळा’ एवढंच लिहितो.