शिंगवाला काळा भुंगा दिसला की लगेच नाव ठरवू नकोस

अरे, तू वडोदऱ्याच्या मांजलपुरात ओटल्यावरच्या दिव्याखाली शेणकिडा सापडला म्हणून जो फोटो टाकलास ना तो शेणकिडा नाहीये, गेंडा भुंगा आहे, पावसाळा लागला की दोघंही रात्री लाईटवर येतात, दोघंही काळे आणि शिंगवाले, त्यामुळे नवीन माणसाचं इथेच गडबडतं. आधी डोकं बघ. शेणकिड्याचं पुढून चपटं, अर्धगोल, फावड्यासारखं असतं कारण त्याला ताज्या शेणाखाली बीळ खणून शेण खाली न्यायचं असतं, तिथेच त्याचे गोळे करून मादी त्यात अंडी घालते आणि अळी त्या गोळ्याच्या आतच वाढते.

गेंडा भुंगा शेण खातच नाही. तो नारळ-खजुरीच्या शेंड्यात शिरून कोवळी पानं पोखरतो आणि रस पितो, मग पान उघडलं की कात्रीने कापल्यासारखे व्ही आकाराचे काप दिसतात. तुमच्या सोसायटीत नारळ आहेत का बघ आधी!

आता खरी गंमत. जुन्या शेणखतात जाड पांढऱ्या, सी सारख्या वळलेल्या मोठ्या अळ्या सापडल्या की सगळे म्हणतात शेणकिड्याच्या, पण त्या बहुतेक वेळा गेंडा भुंग्याच्या किंवा त्याच्या भाऊबंदांच्या निघतात, त्यांना कुजलेलं खत, सडका ओंडका असलं लागतं. शेणकिड्याला ताजं शेण हवं.

पुढच्या वेळी फोटो वरून, बाजूने आणि पोटाकडून काढ, सोबत स्केल ठेव, आणि आसपास गुरं आहेत की नारळ तेही लिही. आणि प्लीज, शेणकिडे मारू नका रे, जमिनीत खत तेच मुरवतात.