घरमालक लीव्ह अँड लायसन्सचा करार पुढे वाढवायला नाही म्हणतोय. माझ्या हातात काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षं एकाच फ्लॅटमध्ये राहणं, दर अकरा महिन्यांनी नवा लीव्ह अँड लायसन्स करार, भाडं कधी थकलं नाही. यंदा मात्र मालकांनी व्हॉट्सॲपवर कळवलं की पुढचा करार करायचा नाही, भावाला राहायला जागा हवी आहे. करार सप्टेंबरअखेर संपतो, मुलगा दहावीत आहे. मालक असं काढू शकतात का, भावाचं कारण खोटं निघालं तर काही करता येईल का, आणि मार्चपर्यंत थांबता येईल का, हे तुम्ही विचारलंय. तुम्ही महाराष्ट्रात आहात, तेव्हा उत्तर इथल्या कायद्याला धरून देतो. मी बरीच वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि आता घरच्यांचा एक फ्लॅट भाड्याने देण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची कुरबुर ओळखीची आहे.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून तेच आधी. हो, मालक नाही म्हणू शकतात, आणि त्यासाठी कारण द्यायचीही गरज नाही. भाऊ खरंच येणार आहे की नवा भाडेकरू जास्त भाडं देतोय, याचा शोध घेऊन काही निष्पन्न होणार नाही. भाऊ नसेलच, तरीही करार सप्टेंबरअखेर संपतोच. पाच वर्षं राहिल्याने हक्क तयार झाला, असंही होत नाही. दर वेळी नवा करार झाला, म्हणजे दर वेळी नवी परवानगी मिळाली. लायसन्स म्हणजे तेवढंच: ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी.

एकदा कपाटातून करार काढून नीट वाचा मात्र. वर 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलंय ना, नोंदणी झालीय ना, मुदतीची तारीख नेमकी कोणती, नोटीस किती दिवसांची, आणि मुदतवाढीबद्दल एखादं वाक्य आहे का. बहुतेक करारांत 'दोघांच्या संमतीने वाढवता येईल' असं असतं, त्याचा उपयोग शून्य. क्वचित 'भाडेकरूने इच्छा दाखवल्यास अमुक वाढीने आणखी एक मुदत' असं असतं, ते मात्र तुमच्या कामाचं. तुम्ही जुन्या पागडीच्या जागेत (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर कायमची घेतलेली जागा) असता तर सगळंच वेगळं असतं. त्या भाडेकरूंना १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, मालकाला कायद्यात दिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि त्यात वर्षानुवर्षं जातात. शेजारच्या चाळीतले काका 'अजिबात हलू नका, कोणी काढू शकत नाही' असं सांगतात ते त्यांच्या अनुभवावरून. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, तुम्हाला ते लागू नाही.

तुम्हाला लागू आहे त्याच कायद्याचं कलम २४. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की ताबा परत द्यायचा. दिला नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी, बोलताना सगळे कॉम्पिटंट अथॉरिटी म्हणतात) अर्ज करतो. तिथे तपासायचं मुख्यतः एकच असतं: मुदत संपली की नाही. नोंदवलेला लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो, त्यामुळे 'तोंडी वेगळं ठरलं होतं' हे तिथे चालत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मिळाली तर अर्ज मंजूर. शिवाय ताबा न देता राहिलेल्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई. ही रक्कम महिन्यागणिक वाढते आणि मालकाच्या हातात तुमचं डिपॉझिट आधीच असतं. तेव्हा 'राहू तसंच मार्चपर्यंत, काय करतील' हा विचार मनात असेल तर सोडून द्या. काही लोक तसे राहतात आणि निभावतंही, पण ते मालकाच्या आळसावर अवलंबून असतं.

करारच नोंदवलेला नसेल तर? कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालकाला शिक्षाही होऊ शकते. हे तुमच्या बाजूचं हत्यार आहे खरं, पण मी ते पहिल्याच बोलण्यात काढणार नाही. ते दिसलं की समोरचा माणूस वकिलाकडे जातो आणि मग मार्चची गोष्टच संपते.

तुम्हाला हक्काचं फारसं काही नाही. पण मालकाला हवं असलेलं एक तुमच्याकडे आहे: ठरल्या दिवशी, भांडण न करता, स्वच्छ घराच्या किल्ल्या हातात देणं. घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात एकच भीती असते, भाडेकरू निघालाच नाही तर. दुप्पट भरपाई कागदावर असली तरी अर्ज, तारखा, वकील हे कोणालाच नको असतं. ही भीती वाढवून तुम्हाला काही मिळणार नाही. ती घालवलीत तर मात्र वेळ मिळू शकतो.

म्हणून व्हॉट्सॲपच्या त्या निरोपावर लगेच रागाने काही लिहू नका, आणि 'ओके' सुद्धा लिहू नका. फोन करा, जमलं तर भेटा. भाऊ कधी येणार, घरात काही काम काढणार आहेत का, हे सहज विचारा. यातूनच कळतं की १ ऑक्टोबर ही तारीख खरंच घट्ट आहे की नुसता कराराचा शेवट म्हणून सांगितली. मग लेखी पाठवा. मी असं लिहीन:

'काका, आपल्या बोलण्याप्रमाणे आम्ही घर सोडायची तयारी ठेवली आहे. मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. शक्य असल्यास १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असा सहा महिन्यांचाच नवा करार करावा. भाड्यात वाढ आपण म्हणाल ती चर्चेने ठरवू, नोंदणीचा खर्च मी करतो. ३१ मार्चला ताबा देईन हे करारातच लिहू. ते जमणार नसेल तर ३० सप्टेंबरला घर रिकामं करू, त्या दिवशी डिपॉझिट आणि किल्ल्या यांची देवाणघेवाण व्हावी.'

यात 'काढून टाकताय', 'अन्याय', 'पाच वर्षांचे संबंध' असलं काही नाही, ते मुद्दाम. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण नाही म्हटलं तरी तुम्ही निघणार आहात हे त्यांना कळतं. हा माणूस जाईल अशी खात्री पटली की थांबू देणं सोपं होतं. मालक म्हणून सांगतो, 'परीक्षेपर्यंत राहू द्या' एवढंच म्हणणाऱ्याला मी घाबरतो. परीक्षेनंतर निकाल, निकालानंतर ॲडमिशन, हे मी पाहिलेलं आहे.

वाढीव काळ मिळाला तर तो तोंडी घेऊ नका. 'अहो राहा की दोन-तीन महिने, कागद कशाला' हे ऐकायला फार गोड लागतं. पण नोंदवलेल्या कागदावर मुदत सप्टेंबरला संपलेली असते, आणि डिसेंबरमध्ये मालकांचं मन बदललं तर ते बोट कागदावरच ठेवणार. भाडं घेतलं म्हणजे करार आपोआप वाढला, हा समजही इथे धोक्याचा आहे. लीज (जागेत हक्क देणारा भाडेपट्टा) असती तर मुदतीनंतर भाडं स्वीकारल्याचा काही अर्थ निघतो, लायसन्समध्ये त्यावर विसंबू नये. सहा महिन्यांचा नवा करार ऑनलाइन नोंदवता येतो, दोघांचा आधार क्रमांक आणि अंगठा लागतो, एजंट घरी येऊन करून देतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं (परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज त्यात मिळवतात), म्हणजे यावर कंजुषी करण्यासारखं काही नाही.

आणि ते नाहीच म्हणाले तर शाळेजवळच सहा महिन्यांसाठी घर शोधा, छोटं चालेल. दहावीच्या मुलाला घर बदलल्याचा त्रास होतो, पण मोठ्यांची रोजची धुसफूस ऐकण्याचा जास्त होतो. गणपती, दिवाळी आणि सहामाही परीक्षा यांच्या तारखा बघून सामान हलवायचा दिवस ठरवा आणि ट्रक आधीच सांगून ठेवा, महिनाअखेरीला मिळत नाहीत.

आता डिपॉझिट. खरी लढाई बहुधा इथेच होते, आणि भाडेकरू 'का काढलं' यावर शक्ती घालवून या बाबतीत ढिला पडतो. आतली गोष्ट अशी की बऱ्याच मालकांकडे ते डिपॉझिट शिल्लक नसतं. पुढच्या भाडेकरूकडून येईल त्यातून तुमचं द्यायचं असतं. तुमच्या बाबतीत भाऊ येणार आहे, म्हणजे नवं डिपॉझिट येणारच नाही. म्हणून आत्ताच, अगदी साध्या आवाजात विचारा: रक्कम कधी आणि कशी देणार? उत्तर गुळमुळीत आलं तर शेवटच्या महिन्यांचं भाडं त्यातून वळतं करायचा पर्याय सुचवा. मात्र त्यांचा लेखी होकार आल्यावरच. आपणच ठरवून भाडं थांबवलं तर कराराप्रमाणे थकबाकीदार तुम्ही ठरता.

घर सोडायच्या तीन-चार आठवडे आधी मालकांना घर बघायला बोलवा. नळ, टाइल्स, दारांच्या कड्या, गीझर, भिंतीची ओल, सगळं त्यांच्यासोबत फिरून बघा आणि जे दुरुस्त करून द्यायचं त्याची यादी मेसेजवर पाठवा. असं केलं की शेवटच्या दिवशी नव्या गोष्टी निघत नाहीत. रंगाचे पैसे कापणार असतील तर करारात तसं लिहिलंय का ते दाखवायला सांगा. पाच वर्षांत भिंत मळणारच. खिळ्यांची भोकं तुम्ही बुजवा, संपूर्ण फ्लॅटचं रंगकाम तुमच्या माथी नको. राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर शोधून ठेवा. मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंत मागची भिंत दिसते, तेही चालतात.

शेवटच्या दिवशी लाइट बिल, गॅस, सोसायटीचं काही देणं हे भरल्याच्या पावत्या जवळ ठेवा, मीटरचा फोटो काढा. रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. मग एका साध्या कागदावर 'आज ताबा दिला, इतकं डिपॉझिट परत मिळालं, कोणाचं काही देणं नाही' असं लिहून दोघांच्या सह्या. पैसे खात्यात आल्यावर किल्ल्या. पैसे नंतर देतो म्हणाले तर किल्ल्या अडवून बसायचा मोह होतो, पण मुदत संपल्यावर तेही ताबा न देण्यात धरलं जाऊ शकतं. काही करारांत 'डिपॉझिट मिळेपर्यंत भाडं न देता राहता येईल' असं कलम असतं. तुमच्यात ते असेल तरच त्याचा आधार घ्या. नसेल तर किल्ल्या लेखी पोच घेऊन द्या, पोचेवर बाकी रक्कम आणि तारीख लिहून घ्या, आणि ती तारीख टळली की वकिलाची नोटीस. नोटिशीनंतर बरेच जण वळणावर येतात.

उलट बाजूने, मुदत संपायच्या आत किंवा नंतरही मालकांनी पाणी तोडलं, कुलूप बदललं, सामान बाहेर काढलं, तर ते त्यांना करता येत नाही. ताबा मिळवायचा त्यांचा मार्ग अर्जाचा आहे. तसं काही झालं तर फोटो काढून पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि त्याच दिवशी वकील गाठा. नेटवर 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' वगैरे वाचलं असेल, तर ते केंद्राच्या २०२१च्या नमुना भाडेकरू कायद्यातलं आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो नमुनाच राहतो, मालकांसमोर त्याचा दाखला देऊ नका.

पुढच्या घराबद्दल एक. अकरा महिन्यांचीच मुदत घ्यायला तुमच्यावर कसलंही बंधन नाही. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या काही भाडेपट्ट्यांना नोंदणीतून सूट आहे, त्यातून अकरा महिन्यांची चाल पडली. पण महाराष्ट्रात कितीही मुदतीचा करार नोंदवावाच लागतो, म्हणजे त्या अकराला इथे काही अर्थ उरलेला नाही. ०.२५ टक्क्यांचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारालाही आहे. मुलाची अकरावी-बारावी डोळ्यांसमोर ठेवून २४ किंवा ३६ महिन्यांचा करार मागा, वर्षाला किती वाढ ते आधीच लिहून टाका. त्यात मालकाला एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येतो का, ते कलम शोधा. तसं असेल तर तुमच्या हातात ३६ महिने नाहीत, एकच महिना आहे. ते कलम काढून घ्या, किंवा निदान दोघांनाही बांधणारा दोन वर्षांचा लॉक-इन (त्या काळात कोणीही करार मोडायचा नाही अशी अट) लिहून घ्या, आणि मगच अंगठा द्या.