पैसा कथा चालना? (अहिराणीत, पैसा कुठे चालला?) वाचकांचे प्रश्न, मॅडमची उत्तरं

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की बीएच्या अर्थशास्त्रातल्या मॅक्रोमध्ये, म्हणजे अख्ख्या देशाच्या कमाई-खर्चाच्या विषयात, काय अडतंय ते लिहून पाठवा, तर पत्रं आली बऱ्यापैकी, आणि गंमत म्हणजे निम्मी पालकांची. जमतील तेवढी घेते. कुणी ह्या विषयाला समग्रलक्षी म्हणतं कुणी स्थूल, पोरं मॅक्रो म्हणतात, मी पण तेच म्हणते.

प्रश्न : मॅडम, मी एसवायबीएला आहे, गाव यावल तालुक्यात. मायक्रो समजलं होतं, मागणी-पुरवठा म्हणजे आमच्यासाठी केळीचा भाव, घरी रोज तेच चालतं. पण मॅक्रोत गुणक आला आणि गाडी अडकली. सरकारने १०० रुपये खर्च केले की उत्पन्न ५०० ने वाढतं म्हणे. मग वरचे ४०० येतात कुठून? सूत्र पाठ आहे, टेस्टमध्ये मार्क पण पडले, कळलं मात्र काहीच नाही.

उत्तर : कुठूनच येत नाहीत गं. नोटा त्याच असतात, त्या जितक्या हातांतून जातात तितक्यांदा कुणाची ना कुणाची कमाई म्हणून मोजल्या जातात एवढंच. समजा तुमच्या गावात नाल्यावर बंधारा बांधायला सरकारने १०,००० रुपये मजुरी वाटली. मजुरांनी त्यातले ८,००० खर्च केले, किराणा, दळण, पोरांचे कपडे, औषधपाणी, आणि २,००० डब्यात ठेवले. ते ८,००० आता दुकानदाराची, चक्कीवाल्याची, शिंप्याची कमाई झाली. ते पण दहातले आठ खर्च करतात, म्हणजे ६,४००. मग ५,१२०, मग ४,०९६. एवढ्या पाचच हातांची बेरीज करून बघ, ३३,६१६ होते. पुढे चालू ठेव, रक्कम लहान लहान होत जाते आणि बेरीज ५०,००० ला जाऊन टेकते, त्याच्या पलीकडे नाही. तेच तुझं १ भागिले (१ वजा ०.८), म्हणजे ५ पट. ०.८ म्हणजे हे दहातले आठ.

आता दुसरी बेरीज कर, जी सहसा कुणी करायला लावत नाही. प्रत्येकाने डब्यात ठेवलेले मोज. २,०००, मग १,६००, मग १,२८०, असं शेवटपर्यंत. ५०,००० चे वीस टक्के म्हणजे बरोब्बर १०,०००, सरकारने ओतले तेवढेच! सगळे पैसे कुणाच्या ना कुणाच्या डब्यात जाऊन बसले की साखळी थांबते. मी स्वतः एसवायला असताना एका गाइडमध्ये हा भागाकार उलटा छापलेला होता आणि मी तो तसाच्या तसा पाठ करून पेपरात लिहून आले, कारण ही बेरीज मला कुणी करायला लावली नव्हती. केली असती तर छपाईची चूक माझी मलाच सापडली असती.

माझ्या मामाचं शेत साक्रीकडे, पांझरा नदीच्या फडात, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या शेतीत. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाण्याची पाळी बघायला पाटकरी. मामाचा तुकडा पार शेवटाला, त्यामुळे वरच्यांनी किती पाणी मुरवलं ते आम्हाला न सांगता कळायचं. गुणकाचं तसंच आहे, वरच्या प्रत्येक शेतात जितकं जास्त मुरेल तितकी खालची कमी शेतं भिजतील. फरक इतकाच की पाटावर आपण पाणी मोजतो आणि गुणकात भिजलेली शेतं. हे काही माझ्याच डोक्यातून आलेलं नाही, फिलिप्स नावाचा न्यूझीलंडचा माणूस, मूळचा इंजिनियर, त्याने १९४९ मध्ये लंडनला अख्ख्या अर्थव्यवस्थेचं पाण्यावर चालणारं मशीनच बनवलं होतं, पारदर्शक टाक्या आणि नळ्या, टॅक्सची नळी वेगळी, बचतीची वेगळी, आयातीची वेगळी. पुढे तुला फिलिप्स वक्र येईल ना, १९५८ चा, बेकारी आणि मजुरीवाढीचा, तो ह्याच माणसाचा.

आणि ५ हा आकडा खरा समजू नकोस. खऱ्या आयुष्यात गळती एकाच जागी नसते. १०० कमाईतले १० टॅक्सला गेले, उरलेल्या ९० चे ८० टक्के म्हणजे ७२ खर्च झाले, आणि त्या ७२ मधले २२ बाहेरच्या देशातून आलेल्या मालावर गेले, तर देशात फिरायला उरले ५०. गुणक ५ वरून २ वर आला. तुमच्या गावापुरतं बघितलं तर अजून कमी, कारण साबण बाहेरचा, कापड सुरतचं, मोबाईलचा रिचार्ज तर कुठे जातो देवालाच माहीत. शंभरातले तीसच गावात परत फिरले तर गुणक १.४३. म्हणून बाजाराच्या दिवशी दुकानदाराला विचारत जा की काका हा माल कुठून भरला, गळतीचा अर्धा धडा तिथेच होतो.

अजून एक अट आहे आणि परीक्षेत हीच राहून जाते : हात रिकामे पाहिजेत. तोच बंधारा कार्तिकात काढला, कापूस वेचणीच्या ऐन तोंडावर, तर काय होईल? माणसं आधीच शेतात, किलोमागे वेचणीचा दर वाढेल, मालक ओरडतील, बंधारा अर्धा राहील आणि उत्पन्नाऐवजी भाव वाढतील. तोच उन्हाळ्यात काढला तर जे हात घरी बसलेत त्यांनाच काम मिळतं. आपल्याकडे रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, कायदा १९७७ चा. तेव्हा रानात काम नव्हतं, हात रिकामे होते. केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मंदीच्या काळात बसून जे लिहिलं ते असल्याच रिकाम्या हातांबद्दल आहे. 'सरकार नोटा छापून वाटत का नाही' असं अजून तिघांनी विचारलंय, त्यांनी पण हाच परिच्छेद परत वाचावा.

प्रश्न : एफवायला आहे, जळगावचा. घरी कुणी सोनं घेतलं की सगळे 'इन्व्हेस्टमेंट केली' म्हणतात. मी पेपरात गुंतवणुकीचं उदाहरण म्हणून सोनं लिहिलं तर शून्य. का?

उत्तर : जळगावात राहून सोन्याला इन्व्हेस्टमेंट म्हणू नको सांगायचं म्हणजे मार खायची कामं. पण मॅक्रोत गुंतवणूक म्हणजे त्या वर्षी नवीन तयार झालेलं आणि पुढे उपयोगी पडणारं भांडवल, जिनिंगमधलं नवं मशीन, शेतातलं ठिबक, नवीन बांधलेलं घर, गोदामात वाढलेला मालाचा साठा. बँकेतली एफडी ही बचत. बाजारातून शेअर घेतला तर नुसती मालकी बदलली. तुझ्या आत्याचा जुना हार तुझ्या आईने घेतला तर देशात नवीन काहीच झालं नाही, हार एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेला. आता खरं सांगायचं तर तू अगदीच चूक नाहीस, आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरकारी तक्त्यात भांडवलनिर्मितीखाली 'मौल्यवान वस्तू' असा वेगळा रकाना असतो, नवं सोनं तिथे धरतात, पण आपलं बहुतेक सोनं बाहेरून येतं म्हणून ते आयातीत वजा पण होतं, आणि जीडीपीत, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनात, शेवटी राहते ती सोनाराची मजुरी आणि दुकानाचा नफा. शून्य जरा जास्तच झालं. मी अर्धा मार्क दिला असता.

प्रश्न : मुलगी धुळ्याला बीए करते, आम्ही शहाद्याचे. सुट्टीत आली की म्हणते पप्पा महागाई कमी झाली, पेपरात पण तेच येतं. बाजारात तर काहीच स्वस्त झालेलं दिसत नाही. तुम्ही लोक नक्की शिकवता काय?

उत्तर : भाऊ, राग बरोबर आहे, पण पोरगी पण बरोबर आहे. तूरडाळ १०० ची १२० झाली, पुढच्या वर्षी १२० ची १२६. पहिल्या वर्षी महागाई २० टक्के, दुसऱ्या वर्षी ५. महागाई कमी झाली की नाही? झाली. डाळ स्वस्त झाली का? नाही, अजून सहा रुपयांनी महागच झाली. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एसटीचा स्पीड कमी होतो, म्हणून गाडी खाली चाललीये असं कुणी म्हणत नाही, चढतच असते, फक्त हळू. पेपरवाले स्पीड छापतात आणि आपण पिशवी घेऊन उंची मोजतो, भांडण तिथून सुरू होतं. भाव खरंच खाली यायचे असतील तर तो आकडा शून्याच्याही खाली जावा लागतो, आणि सगळ्याच वस्तूंच्या बाबतीत तसं झालं तर ते बहुतेक वेळा मंदीचं लक्षण असतं, त्याची वाट बघू नका.

दुसरं, सरकारची पिशवी आणि तुमची पिशवी सारखी नसते. २०१२ आधारवर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात, म्हणजे महागाई मोजायच्या सरकारी पिशवीत, खाण्यापिण्याचं वजन १०० पैकी ४५.८६ होतं. तुमच्या घरात पगारातला ह्याच्यापेक्षा जास्त वाटा किराण्यावर जात असेल तर भाजी महागल्याचा चटका तुम्हाला आकड्यापेक्षा जास्त बसणारच.

आणि तुम्ही खाली लिहिलंय की रिझर्व्ह बँक व्याज वाढवते त्याने काय होतं. होतं, पण सगळं नाही होत. २०१६ पासून त्यांना ४ टक्क्यांचं टार्गेट दिलेलं आहे, दोन टक्के वर-खाली चालतं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, २०२० च्या मे मध्ये ४ टक्क्यांवर आणलेला, २०२२ च्या मे पासून चढवत चढवत २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहावर नेला. कर्ज महागलं की ट्रॅक्टर, प्लॉट, गाडी पुढच्या वर्षावर जाते, मागणी थंडावते, भाव दमाने चालतात. पण नंदुरबारच्या पथारीवर वाळत घातलेली मिरची अवकाळीने भिजून काळी पडली असेल तर तिला रेपो काय वाळवणार आहे? मागणीने चढलेले भाव आणि माल कमी पडल्याने चढलेले भाव, मुलीला विचारा ह्यातला फरक, सांगता आला तर अभ्यास चांगला चालू आहे समजा.

प्रश्न : माझे आजोबा म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. मग सरकार दरवर्षी तुटीचं बजेट कसं काय मांडतं? टीवायबीए, चाळीसगाव.

उत्तर : आबांना नमस्कार सांग. घरासाठी ते शंभर टक्के बरोबर आहेत, आणि मॅक्रो सुरू होतं ते नेमकं जिथे घरचं गणित अख्ख्या गावाला लागू पडत नाही तिथून. दुष्काळाचं वर्ष धर. आबांनी ठरवलं यंदा पोळ्याला नवी झूल नाही, घुंगरू नाही, बैलांना रंग पण मागच्या वर्षीचा उरलेला. शहाणपणाचं आहे. पण अख्ख्या गावाने तेच केलं तर झुली विकणाऱ्याचा धंदा बसला, त्याने घरचं दूध अर्धा लिटर कमी केलं, दूधवाल्याने पोराचा क्लास बंद केला. प्रत्येकाने बचत करायला घेतली आणि कमाईच घटल्यामुळे वर्षाअखेर सगळ्यांची मिळून बचत वाढलीच नाही, उलट कमीच भरली असेल. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई असते, आणि सगळे एकदम हात आखडतात तेव्हा खर्च करायला एक सरकारच उरतं.

पण आबांना पूर्ण हरवू नकोस. २००३ च्या वित्तीय जबाबदारीच्या कायद्याने राजकोषीय तूट, म्हणजे कमाईच्या वर केलेला सरकारी खर्च, जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणायचं ठरलं, २०२०-२१ मध्ये कोविडात केंद्राची तूट जीडीपीच्या नऊ टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. मात्र सुगीच्या वर्षी पण पाय तसेच पसरलेले असतील तर व्याजच एवढं वाढतं की शाळा-दवाखान्याला उरत नाही, तिथे माझं मत आबांच्या बाजूने. तूट कशासाठी केली हे पण बघायचं, कालव्यासाठी काढलेलं कर्ज आणि जेवणावळीसाठी काढलेलं कर्ज आबांच्या वहीत पण वेगवेगळंच लिहिलेलं असेल.

प्रश्न : मराठी मीडियम, शिरपूर. पुढे एमए करायचंय, पुस्तकं सगळी इंग्रजीत. शब्दांतच हरवायला होतं.

उत्तर : इंग्रजीपेक्षा आपलं मराठीच जास्त घोळ घालतं बघ. स्थूल अर्थशास्त्र म्हटलं की स्थूल म्हणजे मॅक्रो, आणि स्थूल देशांतर्गत उत्पादन म्हटलं की तोच स्थूल ग्रॉस होतो. ग्रॉसला कुणी सकल म्हणतं कुणी ढोबळ. इन्फ्लेशनला भाववाढ, चलनवाढ, चलनफुगवटा, तिन्ही चालतं. म्हणून एक साधी वही कर, इंग्रजी शब्द, तुमच्या पुस्तकातला मराठी शब्द, आणि तिसऱ्या रकान्यात तो साठा आहे (एखाद्या दिवशी किती आहे) की प्रवाह (वर्षभरात किती वाहिला). कर्ज साठा, तूट प्रवाह. संपत्ती साठा, उत्पन्न प्रवाह. तिसरा रकाना आळस न करता भर, कारण अर्ध्या चुका तिथे पकडल्या जातात. आकृती काढताना आधी अक्षांची नावं, मग रेषा, आयएस-एलएम मध्ये, म्हणजे उत्पन्न आणि व्याजदराच्या आकृतीत, उभ्या अक्षावर व्याजदर आहे हे विसरून पोरं किंमतपातळी लिहितात आणि मग पुढचं सगळं वाहून जातं. दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण येतं, त्याची इंग्रजी बातमी आणि मराठी बातमी शेजारी शेजारी ठेवून वाच, कंटाळा येईल तरी वाच. आणि वहीच्या पहिल्या पानावर एमपीसी दोनदा लिही, एक सीमांत उपभोग प्रवृत्ती, म्हणजे वाढीव कमाईतला खर्चाचा वाटा, वरचा ०.८, आणि दुसरी ती सहा जणांची समिती जी रेपो ठरवते, कारण माझ्या एका विद्यार्थ्याने तोंडी परीक्षेत सांगितलं होतं की सीमांत उपभोग प्रवृत्तीची बैठक मुंबईत भरते.