दुसऱ्या डिपार्टमेंटच्या कामाचे पैसे घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही अकाउंट्सला आहात, एक्सेल चांगलं येतं म्हणून सेल्सवाल्यांचे महिन्याचे रिपोर्ट ऑफिस सुटल्यावर बसून करून देता, आणि आता त्यांचे मॅनेजर म्हणतायत की फुकट कशाला, दर महिन्याला पैसे देतो, फक्त बिल बायकोच्या नावाने द्या, डेटा एन्ट्रीचं म्हणून. तर घ्यायचे का?

असे घेऊ नका. जादा कामाचा मोबदला मागण्यात गैर काहीच नाही, तुमच्या मेहनतीचे पैसे तुम्हाला मिळायलाच हवेत असं माझं प्रामाणिक मत आहे, पण हे बिल खोटं आहे हो. काम तुम्ही केलंय आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. त्यात तुम्ही स्वतः अकाउंट्सला, म्हणजे उद्या ते व्हाउचर तुमच्याच टेबलावरून पास होणार! कंपनीला फसवायच्या हेतूने कर्मचाऱ्याने हिशेबात खोटी नोंद केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 344 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुमचा हेतू तसा नाही हे मला पटतं, पण चौकशी लागली की आधी ते बिल बघतात, आणि मॅनेजर तर सगळं तोंडीच बोललेत. बायकोलाही विनाकारण यात ओढू नका.

आता सरळ मार्ग. अपॉइंटमेंट लेटर काढा आणि दुसरं काम किंवा दुसरीकडून पैसे घेण्याबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा, बहुतेक ठिकाणी लेखी परवानगीशिवाय मनाई असते. मग तुमच्या साहेबांना आणि एचआरला एकच मेल टाका, की सेल्सचं अमुक काम मी कामाच्या वेळेनंतर करतोय, ते चालू ठेवायचं असेल तर त्याचा भत्ता किंवा इन्सेंटिव्ह पगारातून द्यावा. पगारातून आला की टॅक्स कापला जातो, स्लिपवर दिसतो, कोणी बोट दाखवू शकत नाही. ते नाही म्हणाले तर काम थांबवायला तुम्ही मोकळे आहात.

सहकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून दिले तर? एखाद्या वेळी पार्टी दिली, भेट दिली, तर त्याचा कोणी बाऊ करत नाही. पण दर महिन्याला ठरलेली रक्कम यायला लागली की तो धंदा झाला, मग परवानगी हवीच. आणि हे वाचणारं कोणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांनी जास्तच जपून, कारण तिथे आपल्या कामासाठी पगाराबाहेर पैसे घेतले तर 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली किमान 3 वर्षांची कैद आहे.

मागच्या महिन्यात एकदा यूपीआयने आलेत म्हणता, ते लपवू नका. त्याच मेलमध्ये तारीख आणि रक्कम लिहा, परत करायची तयारी आहे असंही लिहा, आणि मेलची कॉपी तुमच्याकडे ठेवा.